शुश्रूषागृहातली काळजी कशी पारखायची: पहिल्या फोनपासून दाखल केल्यानंतरपर्यंत

बहुतेक कुटुंबं शुश्रूषागृह बघायला जातात ती सकाळी अकराच्या सुमारास, आधी फोन करून. ऑफिसात बसून व्यवस्थापकांचं बोलणं ऐकतात, बाग आणि हॉल बघतात, एखादी रिकामी खोली बघतात आणि संध्याकाळपर्यंत आगाऊ रक्कम भरून मोकळी होतात. हॉस्पिटलातून परवा घरी सोडणार असतात, त्यामुळे घाई समजण्यासारखी आहे. पण या फेरीत त्यांनी इमारत बघितलेली असते, काळजी बघायची राहूनच गेलेली असते. काळजी दिसते ती पहाटे तीन वाजता, जेवणाच्या ताटापाशी, न्हाणीघराच्या दारामागे, आणि मुख्य म्हणजे हाक मारता न येणाऱ्या माणसाच्या खाटेपाशी.

आधी एक खुलासा. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की छोटं हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं. इथे ते अभिप्रेत नाही. वय, आजार किंवा स्मृतिभ्रंशामुळे ज्यांना रोज दुसऱ्याच्या हाताची गरज लागते, अशा माणसांनी दीर्घकाळ राहण्याच्या जागेबद्दल हा लेख आहे. पायऱ्यांचा क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे. तो उलटा केला, म्हणजे आधी पैसे आणि मग प्रश्न, तर प्रश्न विचारण्यातला जोरच निघून जातो.

## टप्पा १: आधी आपल्या माणसाचा कागद तयार करा

कुठेही फोन करण्यापूर्वी एक पान लिहून काढा. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली मांडलेली सहा कामांची यादी यासाठी अजूनही सोयीची आहे: आंघोळ, कपडे घालणं, शौचालयाचा वापर, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावरचा ताबा, आणि जेवणं. प्रत्येकापुढे तीनपैकी एक शेरा लिहा: स्वतः करतात, आधार लागतो, पूर्ण मदत लागते.

त्याखाली हे लिहा:

- रात्री किती वेळा उठतात आणि कशासाठी
- पाणी पिताना किंवा घास गिळताना ठसका लागतो का
- गेल्या सहा महिन्यांत किती वेळा पडले, कुठे, दिवसाच्या कोणत्या वेळी
- अंगावर जखम, कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी), नाकातून नळी आहे का
- सगळी औषधं, मात्रा आणि वेळा
- आजचं वजन. हा आकडा पुढे फार कामाला येतो, अंदाजाने लिहू नका.
- कशाने चिडतात, कशाने शांत होतात

एवढा खटाटोप का? 'तुम्ही नीट काळजी घेता ना?' या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळतं. 'वडील रात्री तीनदा लघवीला उठतात, एकटे उठले तर पडतात, तर त्या वेळी कोण येईल आणि किती मिनिटांत?' याचं उत्तर मात्र द्यावं लागतं, किंवा टाळावं लागतं. दोन्हींतून तुम्हाला कळायचं ते कळतं.

सर्रास होणारी चूक: लाजेपोटी गोष्टी झाकणं. कपड्यांत शौच होतं, रात्री ओरडतात, मदतनीसाला हात मारतात, हे सांगितलं तर प्रवेश मिळणार नाही अशी भीती वाटते. मग ज्या जागेला हे झेपत नाही तिथेच माणूस जाऊन पडतो, आणि पुढे तो एकतर परत पाठवला जातो किंवा झोपेच्या औषधाखाली ठेवला जातो. नकार मिळायचा असेल तर तो फोनवरच मिळालेला बरा.

## टप्पा २: फोनवरची चाळणी

पाच प्रश्न पुरतात. उत्तरं लिहून घ्या, आणि 'भरपूर', 'उत्तम', 'चोवीस तास' अशा शब्दांऐवजी आकडे मागा.

1. रात्रपाळीला किती रहिवाशांमागे किती माणसं जागी असतात, आणि त्यांत प्रशिक्षित परिचारिका किती?
2. डॉक्टर किती दिवसांनी येतात? रात्री दोनला ताप चढला तर पहिला फोन कोणाला जातो?
3. सध्याच्या मदतनीसांपैकी वर्षाहून जास्त काळ इथे असलेले किती?
4. कोणत्या प्रकारचे रुग्ण तुम्ही घेत नाही?
5. नातेवाईक कधी येऊ शकतात?

चौथा प्रश्न मला सगळ्यांत जास्त सांगून जातो. 'आम्ही सगळ्यांना घेतो' हे उत्तर औदार्याचं वाटतं, पण आपली मर्यादा माहीत नसलेली जागा धोक्याची. पाचव्याला 'फक्त चार ते पाच, तेही खालच्या हॉलमध्ये' असं उत्तर आलं तर यादीतून नाव काढून टाका. साथीच्या काळात काही बंधनं येतात, ती वेगळी गोष्ट.

पहिल्या प्रश्नावर एक हिशेब लक्षात ठेवा. 'आमच्याकडे बारा मदतनीस आहेत' असं सांगतात. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो असं धरलं, तरी चोवीस तास एक जागा भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात, सुट्या आणि आजारपणं धरली तर चार. म्हणजे बारा मदतनीस म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी तीन, आणि रात्री बहुधा त्याहून कमी. त्या बारांत स्वयंपाकी आणि चालक मोजले आहेत का, हेही विचारा.

पुढे जाण्यापूर्वी: किमान दोन जागा चाळणीतून उरल्या पाहिजेत. एकच उरली तर तिचे दोष आपण आपोआप पोटात घालू लागतो.

## टप्पा ३: ठरवून केलेली भेट

ही भेट लवकर उरका. व्यवस्थापकांचं ऐका, आपला कागद त्यांच्यापुढे ठेवा, आणि ते तो वाचतात का ते बघा. काही विचारतात का, की 'होऊन जाईल' म्हणून बाजूला सारतात? मग रिकाम्या खोलीऐवजी वापरातली जागा दाखवायला सांगा: न्हाणीघर, शौचालय, सर्वांत जास्त मदत लागणाऱ्यांचा मजला. शौचालयात पकडायला दांडे आहेत का, व्हीलचेअर आत वळते का, फरशी ओली राहते का, आपत्कालीन दार कुलूपबंद किंवा सामानाने अडलेलं आहे का, हे पटकन बघून घ्या. रंग, पडदे, टीव्ही सोडून द्या.

## टप्पा ४: न सांगता केलेल्या भेटी

निर्णय इथे व्हायला हवा. किमान तीन वेळा जा: एकदा जेवणाच्या वेळी, एकदा संध्याकाळी दिवेलागणीनंतर, एकदा सुट्टीच्या दिवशी. संध्याकाळ यासाठी, की स्मृतिभ्रंश असलेली बरीच माणसं त्या वेळी जास्त अस्वस्थ होतात आणि नेमकी त्याच सुमारास पाळी बदलत असते. सुट्टीच्या दिवशी वरिष्ठ नसतात. दारात अडवलं तर भांडू नका. 'आम्ही विचार करतोय, दहा मिनिटं बसून जातो' असं सांगा. नवख्या माणसाला थोडी चौकशी करूनच आत सोडणं हे चांगल्या जागेचंही लक्षण आहे, पण साफ नकार ही वेगळी गोष्ट.

### सर्वांत परावलंबी माणूस शोधा

हॉलमध्ये पेपर वाचत बसलेले आजोबा तुम्हाला जागेबद्दल फार काही सांगणार नाहीत, ते कुठेही नीटच राहिले असते. कॉरिडॉरच्या टोकाला, स्वतःहून कूस बदलता न येणारा, बोलता न येणारा जो कोणी असेल, त्याची अवस्था म्हणजे त्या जागेची खरी पातळी. तुमचं माणूस आज चालतं-बोलतं असलं तरी वर्ष-दोन वर्षांत त्याच खाटेवर येऊ शकतं.

परवानगी घेऊन, दारातून नमस्कार करून बघा. पांघरूण उचलू नका, फोटो काढू नका. जे दिसतं तेवढंच पुष्कळ असतं:

- ओठ आणि जीभ कोरडी, पापुद्रे आलेली आहेत का? वयाबरोबर तहानेची जाणीव कमी होते, त्यामुळे पाणी 'मागितलं की देतो' हे पुरत नाही.
- पाण्याचा पेला आणि बेल हाताशी आहे, की खोलीच्या दुसऱ्या टोकाला?
- नखं, दाढी, डोळ्यांच्या कडा, चष्म्याच्या काचा. श्रवणयंत्र कानात आहे की खणात?
- टाचा गादीवर रुतल्यात, की पिंडरीखाली उशी देऊन अधांतरी ठेवल्यात?
- लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली आहे ना? ती जमिनीला टेकलेली किंवा तुडुंब भरलेली नसावी.
- नळीने अन्न देत असतील तर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंशांत उचललेली आहे का?

कॅथेटर दिसला तर नंतर सहज विचारा, तो का लावला आहे आणि कधी काढणार. कॅथेटर आत राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका दिवसागणिक वाढतो. वैद्यकीय कारण सांगता आलं नाही तर कपडे बदलायचे वाचावेत म्हणून तो घातलेला असण्याची शक्यता मोठी.

### कूस बदलण्याची परीक्षा

तुम्ही आलात तेव्हा तो माणूस कोणत्या अंगावर आहे ते घड्याळ बघून लक्षात ठेवा, निघताना पुन्हा बघा. दर दोन तासांनी कूस बदलण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी पाळतात. चांगली गादी असेल आणि त्वचा निरोगी असेल तर अंतर थोडं जास्त असू शकतं, पण ते ठरलेलं आणि लिहिलेलं हवं. खाटेपाशी तक्ता लावलेला असतो, त्यावर नजर टाका. मी एकदा दुपारी चार वाजता एका खोलीत उभी होते आणि तक्त्यावर सहा आणि आठच्या नोंदी आधीच झालेल्या होत्या, एकाच शाईत, एकाच झटक्यात. तिथला बाकीचा कागद मी वाचलाच नाही.

### एक पूर्ण जेवण बसून बघा

घाईत असलेली जागा जेवणाच्या वेळी लपत नाही. भरवणारी व्यक्ती बसून भरवते की उभ्याने? एकीच्या हाती तीन ताटं आहेत का? तोंडातला घास गिळून व्हायच्या आत दुसरा चमचा येतो का? जेवणारा सरळ बसलेला आहे, की अर्धवट आडवा? जेवणानंतर निदान अर्धा तास सरळ बसवून ठेवतात का? अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया या साध्या गोष्टींतून उद्भवतो. आणि न खाल्लेलं ताट उचलणारा माणूस ते कुणाला सांगतो, कुठे लिहितो का, की तसंच नेतो?

### उचलण्याची पद्धत

पलंगावरून खुर्चीत नेताना काखेत हात घालून ओढत असतील तर ते चूक आहे. म्हाताऱ्या खांद्याला त्याने इजा होते, अर्धांगवायू झालेल्या बाजूचा खांदा तर निसटूही शकतो. दोघांनी मिळून, कमरेच्या पट्ट्याने किंवा उचलण्याच्या यंत्राने, आणि आधी 'आता उठवतोय हं' असं सांगून उठवतात का ते बघा. पायांत न घसरणारी पादत्राणं हवीत, नुसते मोजे नकोत.

### हाक, वास, बोलणं

बेल वाजल्यापासून कोणी येईपर्यंतची मिनिटं मोजा. स्वतः बेल दाबून परीक्षा घेऊ नका, खऱ्या गरजूकडचा माणूस तुमच्याकडे धावत येईल. माझा ढोबळ निकष असा: पाच मिनिटांत किमान कोणी तोंड दाखवून 'आलोच' म्हणायला हवं. एका खोलीत लघवीचा वास आला तर नुकतंच काहीतरी घडलं असेल. सगळ्या मजल्यावर आला तर ती सवय आहे. उग्र सुगंधी फवाऱ्याचा घमघमाटही त्याच यादीत घाला.

मदतनीस रहिवाशांना नावाने हाक मारतात की 'चार नंबर' म्हणून? त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी गप्पा मारतात का? एखाद्या मदतनीसाला हळूच विचारा, 'या आजींना काय आवडतं?' लगेच उत्तर आलं तर ती जागा माणसं ओळखते. शक्य झालं तर फाटकाबाहेर भेटणाऱ्या दुसऱ्या नातेवाइकांशी बोला. 'कसं आहे?' असं विचारू नका. 'गेल्या वेळी तक्रार केली तेव्हा काय झालं?' असं विचारा.

थांबा आणि तपासा: तिन्ही भेटींत तीच तक्रार दिसली तर ती पद्धत समजा. एकदाच दिसली तर नोंदवा आणि व्यवस्थापकांना विचारा. उत्तरापेक्षा त्यांचा चेहरा आणि सूर जास्त बोलतो.

## टप्पा ५: कागदपत्रं

नावं झाकून दाखवा म्हटलं तर चांगली जागा बहुतेक नोंदी दाखवते.

वजनाची वही. दर महिन्याला वजन होतं का? महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट झाली तर ती गंभीर मानतात. ६० किलोच्या माणसाचे महिन्यात ३ किलो गेले, तर पुढे कोणी काय केलं, याची नोंद हवी.

पडण्याच्या नोंदी. 'आमच्याकडे कोणी पडत नाही' यावर विश्वास ठेवू नका. एकतर नोंद होत नाही, किंवा माणसांना खुर्चीला बांधून ठेवलेलं असतं. पडल्यानंतर काय बदललं, हा खरा प्रश्न. पलंगाला कठडे लावणं हा सरसकट उपाय नाही. गोंधळलेला माणूस त्यावरून चढायला बघतो आणि जास्त उंचीवरून पडतो, किंवा कठड्यात अडकतो.

शय्याव्रण, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा. सध्या किती जणांना आहेत, आणि त्यांतले इथे आल्यावर झालेले किती? दुसरा आकडा महत्त्वाचा.

शांत करणारी औषधं. स्मृतिभ्रंश असलेल्यांपैकी किती जणांना मनोविकारांवरची औषधं चालू आहेत, कोणी लिहून दिली, आणि पुन्हा तपासणी कधी होते? अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ साली इशारा दिला होता, की स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये यांतल्या नव्या पिढीच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो. कधीकधी ती लागतात. पण दुपारी तीन वाजता अख्खा हॉल मान टाकून झोपलेला दिसला तर कारण विचारायलाच हवं.

औषधांच्या वेळा. एक प्रश्न हुकमी आहे: 'पार्किन्सनच्या रुग्णाची गोळी वेळेवर कशी देता?' लेव्होडोपाला, म्हणजे पार्किन्सनवरच्या मुख्य औषधाला, उशीर झाला तर माणूस जागच्या जागी थिजू शकतो. जाणकार परिचारिका लगेच सांगेल की या गोळ्या औषधांच्या सर्वसाधारण फेरीची वाट बघत नाहीत. दुसरा प्रश्न: गिळता येत नसेल तर गोळ्या सरसकट कुटून देता का? हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर दिवसभराची मात्रा एकदम शरीरात जाते.

करारात फारसं गुंतू नका, चार गोष्टी बघा: मासिक रकमेत काय येत नाही, हॉस्पिटलात हलवलं तर खाट किती दिवस राखतात, कोणत्या कारणांनी बाहेर काढू शकतात आणि किती दिवसांची सूचना देतात, आणि परतावा कधी मिळतो.

## टप्पा ६: चाचणी मुक्काम

शक्य असेल तर दोन ते चार आठवड्यांचा मुक्काम ठरवा, पूर्ण करार नंतर करा. पहिल्या दिवशी परिचारिकेसोबत बसून अंगावरची त्वचा डोक्यापासून टाचेपर्यंत बघा आणि दोघांच्या सहीने लिहून ठेवा: जुने डाग, जखमा, ओरखडे. नंतर 'हे आधीपासूनच होतं' हा वाद होत नाही. कवळी, चष्मा, श्रवणयंत्र, कपडे यांवर नाव घाला. कवळी हरवणं ही किरकोळ गोष्ट वाटते, पण त्यानंतर जेवण कमी होतं आणि वजन उतरू लागतं.

पहिल्या आठवड्यातलं रडणं, 'मला घरी न्या' म्हणणं यावरून काळजीचा दर्जा ठरवू नका. जागा बदलल्याचा तो त्रास चांगल्या ठिकाणीही होतो. वजन, त्वचा, स्वच्छता, झोप यांकडे बघा.

चूक: पहिले काही दिवस रोज ठरलेल्या वेळी जाणं. दोन दिवसांत तुमची वेळ सगळ्यांना पाठ होते.

## टप्पा ७: दाखल झाल्यावरची तपासणी

एक छोटी वही ठेवा. दर भेटीत तारीख, वेळ आणि दोन ओळी. महिन्यातून एकदा हे करा:

1. माकडहाड, नितंब, टाचा, घोटे, खुबे बघा. लालसर डाग बोटाने दाबा. बोट काढल्यावर तो फिका पडला नाही तर शय्याव्रणाची सुरुवात समजा आणि त्याच दिवशी सांगा. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गडद किंवा जांभळट झालेला, गरम, कडक किंवा लिबलिबीत लागणारा भाग शोधा.
2. वजन विचारा आणि पहिल्या पानावरच्या आकड्याशी ताडून बघा.
3. औषधांची चालू यादी मागा. नवं काही दिसलं तर का, कोणी, कधीपर्यंत.
4. सांधे आखडत आहेत का? हाताची मूठ उघडते का?

एका-दोन दिवसांत अचानक गोंधळ, झोपाळूपणा किंवा बडबड सुरू झाली तर 'वय झालं' हे उत्तर घेऊ नका. त्यामागे जंतुसंसर्ग, पाण्याची कमतरता, बद्धकोष्ठता, नवं औषध किंवा पडल्याचा मार असू शकतो. डॉक्टरांनी त्याच दिवशी बघायला हवं.

दोन्ही दंडांवर बोटांच्या आकाराचे वळ, मनगटाभोवती पट्ट्यासारखी खूण, ठरावीक मदतनीस आला की अंग चोरणं: हे दिसलं तर वाट बघू नका. तारखेसह नोंद करा, शरीरावरच्या खुणांचा फोटो आपल्या माणसाच्या संमतीने काढा, डॉक्टरांना दाखवा, आणि नियामक यंत्रणेकडे किंवा पोलिसांकडे जा.

बाकीच्या तक्रारींना क्रम आहे. आधी पाळीवरच्या परिचारिकेला तोंडी, सुधारणा नाही दिसली तर व्यवस्थापकांना लेखी, तारीख आणि प्रसंगासह, आणि 'कधीपर्यंत' हे विचारून. मदतनीसावर आवाज चढवू नका. तिच्या हाती बहुधा दहा माणसं असतात आणि रात्री तुमच्या आईजवळ तीच असणार आहे. नीट काम करणाऱ्याचं नाव घेऊन वरिष्ठांना सांगत जा, त्यानेही बरंच काम होतं.

लेखी तक्रारीनंतरही तेच दुसऱ्यांदा घडलं, किंवा नवं शय्याव्रण होऊन तुम्हाला सांगितलंच गेलं नाही, तर चाळणीतून उरलेल्या दुसऱ्या जागेला फोन करा. हलवताना औषधांची यादी, शेवटची मात्रा किती वाजता दिली ती नोंद, वजनाच्या नोंदी, जखमेच्या मलमपट्टीचा तक्ता यांच्या प्रती सोबत घ्या, आणि नव्या ठिकाणी पोचल्यावर टप्पा ६ मधली त्वचेची तपासणी त्याच तासात करून घ्या.